माकडतापाची लस आणि करोनाची लस

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. त्यावरची जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी अद्याप आलेली नाही. करोनाच्या विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये सर्वसामान्य माणसांना लस टोचायला सुरुवातही झाली. मी सिंधुदुर्गातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहे. करोना आमच्याकडे येऊन गेला, माकडताप अजूनही येतो, त्यामुळे हा फरक माझ्या मनातून कधी गेला नाही. त्याचे थोडेसे कारण विज्ञानात आहे. पण बरेचसे कारण असे की एका लशीचा खरेदीदार ती तयार होण्यापूर्वीच पैसे घेऊन उभा होता आणि दुसरीचा कधीच उभा राहिला नाही. औषध कंपन्यांविषयी आपल्याकडे बोलताना त्यांना एक तर तारणहार ठरवले जाते किंवा लुटारू. त्यापेक्षा औषध कोणी मागितले, कोणी आगाऊ पैसे दिले आणि ते देताना कोणती अट घातली, हे विचारले तर गरिबाच्या हाती औषध का पडते किंवा का पडत नाही, याचा उलगडा लवकर होतो, असे माझे मत आहे.

आमच्या जिल्ह्यात माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याने जोर धरला. शेजारच्या गोव्यातील सत्तरी तालुक्याला त्याची झळ त्याआधीच लागली होती. रोग पसरवते ती गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडतात, पातेऱ्यात म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत लपतात आणि माणसाच्या पायाला चिकटतात. या गोचिडीची पिल्ले टाचणीच्या डोक्याएवढी असल्यामुळे चावली तरी कळत नाही. त्यांचा सुगीचा काळ आणि आमच्या काजूचा हंगाम एकच, म्हणजे थंडी सरत आल्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत. याच दिवसांत बायामाणसे काजू वेचायला, पातेरा गोळा करायला आणि सरपणासाठी रानात जातात. आम्ही अंगाला लावायचे तेल वाटत होतो आणि रानात जाऊ नका, गेलात तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, असे सांगत होतो. काजूच्या बागेत रोजंदारीवर जाणारी एक बाई तेलाची बाटली हातात घेऊन मला म्हणाली, "ताईनू, रानात नाय गेलंय तर खातलंय काय?" यावर आरोग्य खात्याच्या कोणत्याही पत्रकात उत्तर नव्हते.

ताप एकाएकी चढतो, कपाळ फुटेल असे डोके दुखते, अंग मोडून येते आणि काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाइन, तापाच्या गोळ्या आणि लक्ष ठेवणे एवढेच आमच्या हातात असे. रक्ताचा नमुना तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर जात असे, आणि निकाल येईपर्यंत घरचे लोक रुग्णाला घेऊन गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेले असत. आमच्या टोकाच्या तालुक्यांत मोठ्या आजाराला बांबोळी गाठणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. देशभरात या रोगाचे दरवर्षी साधारण ४०० ते ५०० रुग्ण आढळतात आणि त्यांतील ३ ते ५ टक्के दगावतात, असे सामान्यतः मानले जाते.

जी लस होती ती कर्नाटकातील सरकारी संस्थेत बनत असे. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा आणि फॉर्मालिनने तो निष्प्रभ करायचा, ही तिची जुनी पद्धत. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे काही वर्षे दरसाल एक मात्रा, असे तिचे लांबलचक वेळापत्रक होते. टोचल्यावर हात चांगलाच दुखे, त्यामुळे लोक दुसऱ्या मात्रेला टाळाटाळ करत. कर्नाटकात २००५ ते २०१० या काळाचा जो अभ्यास झाला, त्यात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. नंतर लशीची ताकद कमी पडू लागली आणि अखेर ती थांबवण्यात आली. ज्या लशीत इतक्या उणिवा होत्या ती इतकी वर्षे सुधारली का गेली नाही, याचे उत्तर वरच्या आकड्यातच आहे. वर्षाला चारपाचशे रुग्ण, तेही काजू वेचणारे, सुपारीच्या बागेत राबणारे आणि गुरे चारणारे. नवी लस शोधायची, जनावरांवर आणि मग माणसांवर तिच्या चाचण्या घ्यायच्या, कारखाना उभारायचा, आणि हा सगळा खर्च ज्यांच्याकडून वसूल करायचा त्यांच्या हातावर पोट. कोणतीही कंपनी हा हिशेब मांडून बाजूला ठेवील. मी तिला दोष देणार नाही. पण हा हिशेब तिच्यावर सोडून देणाऱ्या सरकारांना मात्र देईन.

हेच एबोलाच्या बाबतीत जगाने पाहिले. एबोलाची लस कॅनडाच्या सरकारी प्रयोगशाळेने या शतकाच्या सुरुवातीलाच तयार करून माकडांवर तपासली होती. रोग आफ्रिकेतल्या खेड्यांपुरता राहिला तोपर्यंत ती तशीच पडून राहिली. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ भडकली, श्रीमंत देशांच्या विमानतळांवर रुग्ण उतरू लागले, तेव्हा मर्क या बड्या कंपनीने ती हाती घेतली. परवानगी मिळायला २०१९ उजाडले. त्या साथीत ११,००० हून अधिक माणसे मेली.

आता करोनाकडे पाहू. लस इतक्या लवकर आली त्यात शास्त्रज्ञांच्या अनेक वर्षांच्या कष्टांचा वाटा आहेच. फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशी ज्या प्रकारच्या, त्या एमआरएनए लशीचा पाया घालणारे कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ चा आहे आणि त्यांना नोबेल २०२३ मध्ये मिळाले. कंपन्यांनी केलेले कामही लहान नव्हते: फायझरची चाचणी सुमारे ४४,००० स्वयंसेवकांवर झाली आणि एवढ्या चाचण्या काही महिन्यांत पार पाडून कोट्यवधी मात्रा निर्दोष भरणे हे कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. मात्र हे धाडस कोणाच्या पैशावर झाले तेही पाहावे. अमेरिकन सरकारने मॉडर्नाला संशोधन आणि आगाऊ खरेदी मिळून सुमारे २५० कोटी डॉलर दिले. जर्मन सरकारने फायझरची भागीदार असलेल्या बायोएनटेकला ३७ कोटी ५० लाख युरो दिले. फायझरने संशोधनासाठी अमेरिकेचे पैसे घेतले नाहीत, परंतु जुलै २०२० मध्येच, चाचणी पूर्ण होण्यापूर्वी, १० कोटी मात्रांच्या सुमारे १९५ कोटी डॉलरच्या खरेदीचा करार पदरात पाडून घेतला. लस फसली असती तर तोट्याचा मोठा भाग जनतेचा होता. ती यशस्वी झाली तेव्हा नफा कंपन्यांचा झाला. फायझरची २०२२ ची एकूण उलाढाल १०,००० कोटी डॉलरच्या वर गेली.

पैसे देताना या सरकारांनी मात्रा मागितल्या, पण कृती मागितली नाही. लस कशी बनवायची हे इतर देशांच्या कारखान्यांनाही शिकवले पाहिजे, अशी अट आगाऊ पैशाला जोडता आली असती. ती त्याच वेळी घालायची होती, कारण माल तयार झाल्यावर अट घालण्याची ताकद खरेदीदाराकडे उरत नाही.

परिणाम लवकरच दिसला. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून उभारलेल्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेचे २०२१ अखेर २०० कोटी मात्रा पोहोचवायचे उद्दिष्ट होते. तिने १०० कोटींचा टप्पा गाठला तो जानेवारी २०२२ मध्ये. कोव्हॅक्सची बरीच भिस्त पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर होती. गेट्स फाउंडेशन आणि गरीब देशांना लशी मिळवून देणारी ‘गावी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी सीरमला आगाऊ रक्कम देऊन मात्रेमागे कमाल ३ डॉलर हा भाव बांधून घेतला होता, आणि हे मला त्या काळातल्या शहाण्या करारांपैकी एक वाटते. परंतु मार्च २०२१ अखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली, लशीची निर्यात जवळजवळ थांबली आणि आफ्रिकेतील आरोग्यसेवक पहिली मात्रा घेऊन दुसरीची वाट पाहत बसले. आपल्या माणसांना लस आधी मिळावी ही भावना मी समजू शकते, कारण त्या दिवसांत मीही शीतकपाट उघडून कुप्या मोजणाऱ्यांपैकी होते. चूक झाली ती याआधी: जगाने एवढे मोठे ओझे एका शहरातील एका कंपनीवर टाकले होते.

आपल्या देशातही खरेदीचा गोंधळ कमी नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये कोव्हिशील्डचे तीन भाव जाहीर झाले: केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६००, पुढे राज्यांचा भाव ३०० वर आला. कुपी तीच, लस तीच. राज्ये एकमेकांशी स्पर्धा करत जागतिक निविदा काढू लागली आणि परदेशी कंपन्या त्यांना दाद देईनात. सर्वोच्च न्यायालयाने या धोरणावर कडक प्रश्न विचारले आणि २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के लस स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत देण्यास सुरुवात केली. मधल्या काळात आमच्या केंद्रावर काय चालले होते ते सांगते. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे, म्हणून दहा माणसे जमेपर्यंत परिचारिका कुपी उघडत नसे. मोबाइलवर नोंदणी करणाऱ्यांसाठी ठेवलेल्या जागा काही क्षणांत भरत, आणि त्या दिवशी केंद्राच्या दारात कोल्हापूरच्या मोटारी उभ्या राहत. वरच्या वाडीत रेंज येत नसल्यामुळे तिथल्या माणसांना नोंदणी करता येत नसे. ती पायऱ्यांवर बसून राहत, उरलीसुरली मात्रा मिळेल या आशेने. लस नावाला मोफत होती, परंतु ती घेण्यासाठी लागणारा फोन, रेंज आणि मोटार मोफत नव्हती.

औषधांच्या बाबतीत याहून मोठे दुःख रेमडेसिव्हिरचे. गिलियड कंपनीने मे २०२० पासून भारतातील अनेक कंपन्यांना ते बनवण्याचा परवाना दिला होता, म्हणजे कागदोपत्री हा औषधोपलब्धतेचा उत्तम नमुना होता. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयातील रुग्णांचे मृत्यू त्याने फारसे कमी होत नसल्याचे २०२० च्या शेवटीच दिसून आले होते आणि संघटनेने नोव्हेंबरमध्ये ते न वापरण्याची शिफारसही केली होती. तरी एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर माणसे त्या इंजेक्शनसाठी रात्रभर रांगेत उभी होती, काळ्या बाजारात दागिने मोडून ते विकत घेत होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हापूसचा पूर्ण हंगाम व्यापाऱ्याला आगाऊ लिहून दिला आणि त्या पैशातून सहा कुप्या आणल्या. रुग्ण वाचला नाही. याउलट जून २०२० मध्ये ब्रिटनच्या चाचणीत सिद्ध झाले होते की डेक्सामेथासोन हे ६० वर्षांहून जुने, काही रुपयांत मिळणारे औषध व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करते. ते आमच्या भांडारात कायम पडलेले असे. त्याच्यासाठी कोणाला रांग लावावी लागली नाही, आणि त्याची जाहिरात करणारा प्रतिनिधीही कधी दारात आला नाही. ती चाचणी मुख्यतः सरकारी पैशातून झाली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. एवढ्या जुन्या, एवढ्या स्वस्त औषधाची नव्याने परीक्षा घेण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य असण्याचे कारण नव्हते.

आमच्या कोकणाला हा अनुभव नवा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मरणारी माणसे पाहिली आणि प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर लागू पडते हे खेड्यातल्या दवाखान्यात, स्वतः रुग्णाशेजारी बसून सिद्ध केले. पूर्वी तीव्र विंचूदंशाचे दाखल झालेले चाळीसएक टक्के रुग्ण दगावत. ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. औषध मिळण्याची वाट येथे एका माणसाच्या जिद्दीने मोकळी झाली, पण प्रत्येक रोगाला असा माणूस मिळेल या भरवशावर देशाचे आरोग्य चालवता येत नाही.

आता लस बनवण्याच्या कृतीच्या प्रश्नाकडे येते. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव ठेवला की साथ संपेपर्यंत करोनाच्या औषधांवरील, लशींवरील आणि चाचण्यांवरील पेटंटचे बंधन स्थगित करावे. निर्णय झाला तो १७ जून २०२२ रोजी, तोही फक्त लशींपुरता आणि अटींनी बांधलेला. तोवर साथीचा भर ओसरला होता. मॉडर्नाने साथ असेपर्यंत पेटंटसाठी कोणाला कोर्टात खेचणार नाही असे ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितले होते, परंतु लस बनवण्याचे तंत्र गरीब देशांतील कोणाला शिकवले नाही. पेटंटचा कागद उघडा असला तरी मिश्रण कोणत्या तापमानाला, किती वेळ आणि कोणत्या यंत्रात करायचे हे सांगणारा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय लस बनत नाही, हे औषधनिर्माणशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल. केप टाउनच्या ॲफ्रिजेन कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने, मॉडर्नाची मदत न घेता, उपलब्ध माहितीवरून २०२२ च्या सुरुवातीला तशी लस प्रयोगशाळेत बनवून दाखवली. शिकवले असते तर ती किती आधी बनली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

शिकवले तर काय होते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. टेक्सासमधील पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाने पेटंट न घेता आपली करोनाची लस हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई कंपनीला दिली. तीच कॉर्बेव्हॅक्स, जी पुढे आपल्या बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना देण्यात आली. आणि भाव आधी ठरवला तर काय होते, त्याचे उदाहरण पुण्याचे. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या लशीची किंमत मात्रेमागे ५० सेंटच्या आत असेल तरच आम्हाला ती परवडेल, असे तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले. पाथ ही आरोग्यक्षेत्रातील स्वयंसेवी संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रकल्पाने त्या भावात बनवायला तयार असलेली कंपनी शोधली, तंत्र तिला मिळवून दिले आणि सीरमने ती बनवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली आणि जिथे जिथे ती पोहोचली तिथे ज्या प्रकारच्या मेंदूज्वरावर ती लस होती तो जवळजवळ नाहीसा झाला.

कायद्याची गोष्टही याच्याशी जोडलेली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट देण्याचे ठरवले, म्हणून भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने तीच औषधे स्वस्तात बनवू लागल्या. त्याच बळावर सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, जेव्हा बड्या कंपन्यांचा भाव १०,००० डॉलरच्या वर होता. २००५ मध्ये कायदा बदलला, तरी किरकोळ बदल करून पेटंट लांबवण्यास आडकाठी करणारे कलम ३(घ) आपण ठेवले. त्या तरतुदींचा उपयोग करून नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिसिले या क्षयरोगातून वाचलेल्या दोन तरुणींनी बेडाक्विलिन या औषधाचे पेटंट लांबवण्यास हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये ती मान्य झाली. मुंबईहून औषधाला दाद न देणारा क्षय घेऊन गावी परतणारे चाकरमानी मी पाहिले आहेत, त्यामुळे त्या निकालाचे मोल मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथीविषयीचा करार स्वीकारला. त्यात महासाथीच्या काळात कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातील निम्मा तरी दान म्हणून, असे योजले आहे; रोगजंतूंचे नमुने देणाऱ्या देशांना त्याबदल्यात काय मिळेल, याचे परिशिष्ट मात्र करार स्वीकारतानाच पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले. मला हा करार महत्त्वाचा वाटतो, पण माकडतापासारख्या रोगाला त्याचा काही उपयोग नाही, कारण तो कधीच महासाथ होणार नाही. तो आमच्या रानात राहील आणि दर काजूच्या हंगामात काही घरे उद्ध्वस्त करील.

माकडतापाच्या नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर हाती घेतले आहे. ही कंपनी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मालकीची आहे. मला समाधान आहे, आणि एक मागणीही आहे. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडू या पाच राज्यांनी केंद्रासह एकत्र येऊन आताच, चाचण्या चालू असताना, लेखी हमी द्यावी की लस सिद्ध झाल्यास दरवर्षी ठरावीक मात्रा पुढची दहा वर्षे विकत घेतल्या जातील. भाव आताच बांधावा. आणि लस बनवण्याचे तंत्र आणखी एका सरकारी संस्थेला शिकवण्याची अट त्याच करारात घालावी. परळची हाफकिन संस्था प्लेगच्या लशीपासून हेच काम करत आली आहे. २०२१ मध्ये तिला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली तेव्हा त्यासाठी लागणारी जैवसुरक्षेची सोय तिच्याकडे तयार नव्हती, कारण आधीची अनेक वर्षे तिच्यावर खर्च करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. माकडतापाच्या विषाणूलाही अशीच कडेकोट सोय लागते. ती उभारायला वेळ लागणार, म्हणून तिची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हावी, असे निवेदन आमच्या भागातील काही निवृत्त आरोग्य कर्मचारी आणि काजू बागायतदार मिळून तयार करत आहोत. दोडामार्ग, सावंतवाडी आणि बांदा भागातील ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्यांच्या सह्या आम्हाला त्यावर हव्या आहेत.